दौत, दप्तर आणि अरबी पोथ्या

संपादिकाबाईंचा फोन आला तेव्हा माझ्या हातात चकलीचा सोऱ्या होता. "दिवाळी अंकासाठी काहीतरी द्या, पण पाककृती सोडून," असं त्यांनी बजावलं. आता आमच्यासारख्या घरबसल्या बायकांकडे पाककृती सोडून काय असणार? पण मनात बरेच दिवस एक विषय घोळत होता. "मध्ययुगातल्या अरबी हस्तलिखितांमधल्या चित्रांवर लिहिते," असं म्हटलं, तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे धाकटीबद्दल का?"

हो, तिच्याबद्दलही.

मंडळातल्या बहुतेकांना आमच्या धाकटीची गोष्ट अर्धीमुर्धी ठाऊक आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही 1981 साली इंग्लंडला आलो. मोठा मुलगा अकाउंटंट झाला. धाकटीला फार्मसीला प्रवेश मिळाला तेव्हा आम्ही याच मंडळात पेढे वाटले होते. ती दुसऱ्या वर्षाला असताना, 2009 च्या नोव्हेंबरात, एका शनिवारी घरी आली आणि म्हणाली, "मी फार्मसी सोडतेय. मला अरबी शिकायचंय. अरबी हस्तलिखितांतली चित्रं, त्यांचा अभ्यास करायचाय."

आमच्या घरात आरडाओरडा होत नाही. त्यापेक्षा वाईट होतं, बोलणं बंद होतं. ह्यांनी ताट बाजूला सारलं आणि वर निघून गेले. मी एवढंच विचारलं, "पुढे पोट कसं भरणार?" त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि खोटं सांगायची तिला सवय नाही. त्यानंतर दहा महिने ह्यांनी तिच्याशी एक सरळ वाक्य बोललं नाही. फोन आला की "आईला देतो" म्हणायचे आणि रिसीव्हर माझ्या हातात. गणपतीला मंडळात आलो की प्रत्येकजण विचारायचा, "फार्मसी कुठवर आली?" मी म्हणायचे, "चाललंय." परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना या "चाललंय"चा अर्थ मी सांगायला नको.

शेवटी मला असं वाटू लागलं, की जे काय माझ्या मुलीला घेऊन गेलं ते एकदा डोळ्यांनी पाहावं तरी. एका कॉलेजात संध्याकाळचा वर्ग होता, दर मंगळवारी, दहा आठवडे. विषय: अरबी सचित्र हस्तलिखिते. घरी सांगितलं, योगाच्या वर्गाला जाते. हे खोटं मी इथे पहिल्यांदाच कबूल करते आहे.

पहिल्या दिवशी बाईंनी पडद्यावर एक पान दाखवलं. एक वैद्य मोठ्या कढईत मधाचं औषध करतो आहे. हे पान 1224 सालचं. डायोस्कोरिडीस नावाच्या ग्रीक वैद्याने पहिल्या शतकात औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तो नवव्या शतकात बगदादमध्ये अरबीत आला, आणि त्याच्या पुढे अनेक प्रती निघाल्या. त्यांतल्या एका प्रतीचं हे पान. मला हसू आलं. मुलगी औषधं सोडून गेली म्हणून आम्ही रडलो, आणि तिच्या नव्या विषयाचं पहिलं पान निघालं ते औषधाच्याच पुस्तकाचं! हा मूळ ग्रंथ इस्तंबूलला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातली चित्रांची पानं कुणी कुणी काढून नेली आणि सुटी सुटी विकली. मधाच्या औषधाचं पान आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. बाकीची इतर संग्रहांत विखुरली. बाई म्हणाल्या, "पान फ्रेममध्ये टांगलं की ते चित्र होतं. पण ते चित्र म्हणून काढलेलं नव्हतं. त्याच्या वर काय लिहिलं आहे आणि खाली काय, हे वाचल्याशिवाय त्याच्याकडे बघू नका." अभ्यासाचा हा पहिला नियम.

दुसऱ्या आठवड्यात मला खरा धक्का बसला. त्या दिवशी लेखनसाहित्याची ओळख होती. बाई फळ्यावर एकेक अरबी शब्द लिहीत होत्या आणि उच्चार सांगत होत्या. बोरूला कलम. शाईच्या भांड्याला दवात. मी ताठ बसले. दवात म्हणजे आपली दौत! पुस्तकाच्या कातडी बांधणीला जिल्द, मूळ अर्थ कातडं. नकलून घेण्याला नक्ल. कच्च्या लिखाणाला मुसव्वदा, म्हणजे काळं केलेलं. तोच आपला मसुदा. चित्राला तस्वीर. पानाला वरक. मी मनात म्हटलं, बर्फीवर लावतो तो वर्ख म्हणजे चांदीचं पान, तो हाच. वह्यांच्या गठ्ठ्याला दफ्तर. आता सांगा, लहानपणी खांद्याला दप्तर अडकवून शाळेत जाताना आपल्याला कुठे माहीत होतं, की आपण अरबी शब्द घेऊन चाललोय? (आणि तो शब्दही अरबांनी ग्रीकांकडून घेतलेला. कुणाचं किती उसनं, याचा हिशोब मांडायचा तर कठीण आहे.)

त्या रात्री न राहवून धाकटीला फोन केला. वर्गाचं सांगितलं नाही, नुसतं विचारलं, "दवात म्हणजे काय गं?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "आई, तुला कसं माहीत?" म्हटलं, "माझ्या आजोबांच्या फडताळात होती, पितळेची." नवव्या वर्षी मंडळाच्या मराठी वर्गातून रडत घरी आलेली ही मुलगी. "आई, हे कुठे वापरायचं?" असं विचारायची, आणि तिला पटेल असं उत्तर मला कधी सुचलं नाही. आता तिने वही काढली आणि मराठी शब्द विचारायला लागली. मजकूर, मसुदा, नक्कल, शाई. शाई मात्र फारसी, काळी म्हणून सियाही. आम्ही तासभर बोललो, आणि फार्मसीचा उल्लेखही झाला नाही. त्या आधी किती दिवसांनी असं झालं होतं, ते मी मोजलं नाही.

मग तिला वर्गाचं सांगावंच लागलं. तेव्हापासून मंगळवारचा वर्ग झाला की बुधवारी तिच्याशी फोनवर शिकवणी.

आता चित्रांकडे वळते, कारण नुसत्या शब्दांनी त्यांची कल्पना येणार नाही. आमच्या अभ्यासाचा मुख्य ग्रंथ होता 'मकामात'. बसऱ्याच्या अल-हरीरीने (जन्म 1054, मृत्यू 1122) लिहिलेल्या पन्नास गोष्टी. अबू झैद नावाचा एक म्हातारा भामटा गावोगाव वेषांतर करून फिरतो, अस्सल अलंकारिक अरबीत भाषणं ठोकतो, लोकांना रडवतो, पैसे गोळा करतो आणि पसार होतो. हारिस नावाचा एक सज्जन गृहस्थ दर गोष्टीत त्याला भेटतो आणि बहुधा शेवटी ओळखतो. आपल्याकडच्या कीर्तनकाराचं वक्तृत्व आणि बसस्टँडवरच्या जडीबुटीवाल्याचं धंद्याचं डोकं एकत्र केलं, तर अबू झैद होईल. पुस्तकाची सगळी मजा भाषेत, कोट्यांत आणि यमकांत. अशा पुस्तकाला चित्रं कशाला हवीत, हा प्रश्न विद्वानांनाही पडलेला आहे. पण तेराव्या शतकात इराक-सीरियातल्या शहरांत ऐपतदार वाचक होते आणि त्यांना ती हवी होती.

या ग्रंथाची सगळ्यांत नावाजलेली प्रत 1237 सालची आहे. याह्या इब्न महमूद अल-वासिती याने ती लिहिली आणि चित्रंही त्यानेच काढली. शेवटच्या पानावर तसं त्याने स्वतः नोंदवलं आहे. वासित हे इराकमधलं गाव, आपल्याकडच्या पुणेकर, सातारकरसारखा हा वासिती. चित्रं 99. त्यानंतर 21 वर्षांनी, 1258 मध्ये, मंगोलांनी बगदाद लुटलं. त्या आधीचं जग कसं दिसत होतं, हे आज आपल्याला कळतं त्यात या माणसाच्या ब्रशाचा फार मोठा वाटा आहे.

पहिल्यांदा ही चित्रं पाहिली तेव्हा, खरं सांगते, मला ती ओबडधोबड वाटली. सावली नाही, दूरचं लहान आणि जवळचं मोठं असला हिशोब नाही. मागे आकाश नाही, कोरा कागद. खाली गवताची एक पट्टी, ती जमीन. नाकं मोठी, डोळे मोठे. बाईंनी एक चित्र देऊन अर्धा तास गप्प बघायला लावलं. दहा मिनिटांनी चुळबुळ सुरू झाली, पण विसाव्या मिनिटाला हात दिसू लागले. या चित्रांत माणसं हातांनी बोलतात. एकाचं बोट ओठांशी, दुसऱ्याचा तळवा उघडा, तिसरा मागून कुणाचा तरी खांदा दाबतो आहे. कोण फसलं आहे आणि कुणाला संशय आलाय, हे हातांवरून कळतं. मग डोक्यामागची सोन्याची वलयं. मी म्हटलं, हे सगळे संत का? नाही. इथे वलय म्हणजे संतपणाची खूण नव्हे. भामट्या अबू झैदलाही आहे! माणसाचं डोकं गर्दीत उठून दिसावं, इतकाच त्याचा उपयोग.

माझं आवडतं चित्र त्रेचाळिसाव्या गोष्टीतलं. हे दोघे उंटांवर बसून एका खेड्यापाशी येतात. गोष्टीत खेड्याचं काही विशेष वर्णन नाही, पण वासितीने सगळं गाव उभं केलं आहे. मशीद, मिनार, खजुराचं झाड, शेळ्या, छपरावर कोंबडा आणि कोंबड्या, आणि कडेला चातीवर सूत कातणारी बाई. तिला गोष्टीत जागा नाही. पण वासितीने गाव पाहिलं होतं आणि गावात बाई असते हे त्याला माहीत होतं.

साहित्याबद्दल थोडं सांगते, कारण यात आपल्या घरातल्या गोष्टी फार आहेत. कागदाला आधी खळ द्यायची आणि दगडाने किंवा काचेने घोटून गुळगुळीत करायचं. ओळी आखायला पुठ्ठ्यावर दोरे ताणून बसवायचे, त्यावर कागद ठेवून अंगठ्याने दाबला की रेघा उमटतात, शाई लागत नाही. निळा रंग बदखशानच्या खाणीतल्या लाजवर्द दगडाचा, तो महाग. लाल हिंगुळाचा. पिवळा हरताळाचा. हरताळ म्हटल्यावर मी वर्गात मोठ्याने "अरे!" म्हणाले. आपल्याकडे पोथीत चूक झाली की त्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देऊन ती झाकत, म्हणून हरताळ फासणे. तोच हा खनिज रंग. हिरवा मात्र घातकी, कारण तो तांब्याच्या गंजाचा. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, आपल्या आया ओरडायच्या. तोच कळक इथे कागद खातो. हिरव्या रंगाखालचा कागद जागोजागी तपकिरी होऊन तुटतो, आणि तो सांभाळणं हे आता काही लोकांचं आयुष्यभराचं काम आहे. मला हे ऐकून बरं वाटलं. नोकरीची काही सोय दिसली!

याच सुमारास मंडळातल्या एका मैत्रिणीला मी हे सगळं उत्साहाने सांगत होते. ती म्हणाली, "अगं, पण त्यांच्यात चित्रं चालत नाहीत ना? आणि आपल्या पोथ्या संपल्या का, म्हणून त्यांच्या बघायच्या?"

दोन्ही प्रश्न तिने चांगल्या मनाने विचारले होते, म्हणून दोन्हींची उत्तरं इथे देते. कुराणाच्या प्रतींत आणि मशिदीत माणसांची चित्रं नसतात, हे खरं. पण वैद्यक, ज्योतिष, यंत्रं, गोष्टी अशा पुस्तकांत ती होती. कुणाला ती खटकलीही. 'मकामात'ची एक प्रत सेंट पीटर्सबर्गला आहे. तिच्यातल्या माणसांच्या गळ्यांवर कुणीतरी नंतर काळी रेघ ओढली आहे. म्हणजे गळा कापला, आता ही माणसं जिवंत नाहीत, आता चालेल. मला त्या रेघ ओढणाऱ्याचं नवल वाटतं. त्याला पुस्तक जाळता आलं असतं. त्याने ते ठेवलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे. आपलं पंचतंत्र घ्या. सहाव्या शतकात इराणचा राजा खुसरो नौशेरवान याच्या पदरी बर्झूय नावाचा वैद्य होता. त्याने पंचतंत्रातल्या गोष्टी पहलवी भाषेत नेल्या. सुमारे 750 मध्ये इब्न अल-मुकफ्फा याने त्यावरून अरबी पुस्तक केलं, 'कलीला व दिमना'. हे कलीला आणि दिमना कोण? आपले करटक आणि दमनक, सिंहाच्या दरबारातले ते दोन कोल्हे! बर्झूयची पहलवी प्रत पुढे नष्ट झाली. मूळ संस्कृत पंचतंत्रही जसंच्या तसं आज कुणाकडे नाही, नंतरच्या वेगवेगळ्या पाठांवरून विद्वानांनी त्याचा अंदाज बांधला. त्या कामात या अरबी पुस्तकाची साक्ष मोलाची ठरते.

या पुस्तकाच्या प्रस्तावनेत इब्न अल-मुकफ्फाने चित्रांबद्दल मुद्दाम लिहिलं आहे. त्याचा आशय असा, की प्राण्यांची रंगीत चित्रं पाहून राजेलोकांचं मन रमावं, लोकांनी पुस्तकाच्या पुन्हा पुन्हा नकला कराव्यात, म्हणजे ते काळाच्या ओघात झिजणार नाही आणि चित्रकाराला व नकलनविसाला कायम काम मिळेल. पोट कसं भरणार, या माझ्या प्रश्नाचा विचार या माणसाने साडेबाराशे वर्षांपूर्वी करून ठेवला होता! आज उरलेल्या सचित्र प्रतींत सर्वांत जुनी सुमारे 1220 ची, ती पॅरिसला. 1354 ची एक ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. एडवर्ड पोकॉक नावाचा पाद्री 1630 च्या दशकात अलेप्पोत होता, तिथे त्याने हस्तलिखितं जमवली. पुढे तोच ऑक्सफर्डमधला अरबीचा पहिला लॉडियन प्राध्यापक झाला. करटक-दमनक तिथे त्याच्या संग्रहातून पोचले. तेव्हा मैत्रिणीला मी म्हटलं, "आपल्या आणि त्यांच्या असं वेगळं काढता येत नाही गं. मी करून पाहिलं."

आता ह्यांच्याविषयी.

हे मेकॅनिकल इंजिनिअर. चित्रकला म्हणजे रिकामटेकडेपणा, असं स्पष्ट मत. मी योगाला जात नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं (योगाची चटई कपाटातच), पण ते बोलले नाहीत. एक दिवस माझ्या वर्गाच्या कागदांत त्यांना एक चित्र दिसलं. पाठीवर मनोरा घेतलेला हत्ती, माहूत, दोन सर्प, माथ्यावर पक्षी. ह्यांनी चष्मा बदलला. "हे खेळणं आहे का?"

ते होतं अल-जझरीचं हत्तीचं घड्याळ. अल-जझरी हा दियारबकीरच्या राजांच्या पदरी होता. 1206 मध्ये त्याने पन्नास यंत्रांचं पुस्तक पूर्ण केलं. मी शिकवलेलं सांगितलं: हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी. त्यात बुडाला बारीक छिद्र असलेलं भांडं तरंगतं. अर्ध्या तासात ते भरून बुडतं. बुडताना दोरी ओढली जाते, वरून एक गोळी सुटते, ती ससाण्याच्या तोंडातून सर्पाच्या जबड्यात पडते. तिच्या वजनाने सर्प खाली झुकतो, माहूत टोला देतो, आणि सर्पाच्या झुकण्यानेच बुडालेलं भांडं पुन्हा वर येतं. की परत पहिल्यापासून.

ह्यांनी कागद खाली ठेवला. "अगं, हे आपलं घटिकापात्र!"

आमच्या वयाच्या लोकांना आठवत असेल. लग्नाचा मुहूर्त साधायला गुरुजी पाण्याच्या भांड्यात छिद्राची वाटी सोडायचे. ती भरून बुडाली की एक घटिका, 24 मिनिटं. ह्यांच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात ती वाटी बघत बसायचं काम ह्यांच्याकडे होतं, वय वर्षं सात. ती फक्त मोजायची, कुणीतरी हाताने काढून पुन्हा ठेवायची. जझरीचं पात्र स्वतःच स्वतःला उचलत होतं. ह्यांना रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधून ड्रिलचा आवाज आला. माझ्या डिनर सेटमधली एक स्टीलची वाटी कामी आली. मग बादली, स्टॉपवॉच, वही. चार दिवस हा प्रकार चालला. सतरा मिनिटं, एकवीस मिनिटं, पुन्हा सतरा.

रविवारी धाकटीचा फोन आला. ह्यांनी उचलला. मी हात पुढे केला. हे वळले आणि फोनमध्ये म्हणाले, "त्याने छिद्राचं माप दिलंय का?"

ती बिचारी काय समजणार! तिला वाटलं रॉंग नंबर. मग कळल्यावर तिचा आवाज कसा झाला असेल तो मला ऐकू आला नाही, पण ह्यांचा चेहरा मी पाहत होते. ती म्हणाली, इंग्रजी भाषांतर आहे, 1974 चं, डोनाल्ड हिल यांचं. हिल स्वतः इंजिनिअर होते. "इंजिनिअर माणूस अरबी शिकला?" हे म्हणाले. "हो बाबा." थोड्या वेळाने हे म्हणाले, "पुस्तक घेऊन ये." दहा महिन्यांनी तिला घरी यायला सांगितलं ते असं.

ती आली. बापलेक जेवणाच्या टेबलावर पुस्तक पसरून बसले. आकृत्यांतल्या भागांना अरबी अक्षरांच्या खुणा आहेत, ती त्या वाचून सांगत होती, हे बाण काढत होते. मी कौतुकाने बघत होते म्हणावं, तर तसं नाही, मला थोडा रागच आला. दहा महिने मी दोघांच्या मधे उभी राहिले, आणि समेट झाला तो वाटीवरून.

त्या रात्री सगळं आवरल्यावर तिने मला वासितीचं आणखी एक चित्र दाखवलं. एकोणचाळिसावी गोष्ट. अबू झैद आणि हारिस बसऱ्याहून जहाजाने ओमानकडे निघतात. जहाजावरचे सावळे खलाशी हिंदुस्तानातले असावेत, असं बरेच जाणकार म्हणतात. वादळामुळे ते एका बेटावर उतरतात. तिथल्या सरदाराची बायको अडलेली असते. चित्रात वर सरदार चिंतेत बसलाय, एका बाजूला ज्योतिषी यंत्र धरून वेळ बघतोय, दुसऱ्या बाजूला अबू झैद ताईत लिहितोय. खाली, चित्राच्या बरोबर मध्यावर, बाळंतीण. दोघींनी धरलंय, समोर सुईण. आठशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात असं चित्र असेल, असं मला वाटलं नव्हतं. धाकटीच्या वेळी मी रुग्णालयात एकटी होते. 1989 चा जानेवारी. माझी आई येऊ शकली नव्हती, हे रात्रपाळीवर होते. त्या चित्रातल्या बायकांचे हात मी बराच वेळ बघत राहिले.

मग ती म्हणाली, "ताइतात काय लिहिलंय, माहीत आहे?" आणि अरबीवरून, अडखळत, तिच्या त्या मोडक्या मराठीत सांगू लागली. अबू झैद बाळाला सांगतो, की बाबा रे, तू सध्या सुखरूप जागी आहेस. तिथे तुला कुणी त्रास देत नाही. बाहेर आलास तर दुःखात पडशील. हातातलं पक्कं सोडून कच्च्याच्या मागे लागू नकोस. तिथेच राहा.

"म्हणजे उलटंच लिहिलं की!" मी म्हटलं.

"हो. ते कुणाला माहीतच नाही. आणि तरी बाळ येतं."

आम्ही दोघी खूप हसलो. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पाहिलं की नाही, माहीत नाही. दहा महिने मी तिला दुसरं काय सांगत होते? हाच ताईत मीही लिहीत होते, रोज, फोनवर, चांगल्या मनाने. हे मात्र मी तिला त्या रात्री बोलून दाखवलं नाही. आज इथे लिहिते आहे. तिला हा अंक पाठवणार आहे, मराठी वाचायला हल्ली तिला वेळ लागतो पण वाचते.

आता सगळं आलबेल आहे, असं कुणी समजू नये. ती एका संग्रहात हस्तलिखितांच्या याद्या करण्याचं काम करते. करार दोन-दोन वर्षांचे, पगार बेताचा. फार्मसीतल्या तिच्या मैत्रिणींची स्वतःची घरं झाली. हे अजून दर दिवाळीला पेन्शनचं विचारतात, आणि ती अजून उत्तर देत नाही. पण घरात बोलणं बंद होत नाही.

एक सूचना करून थांबते. वासितीची ती प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संपूर्ण संगणकावर खुली ठेवली आहे, फुकट. मुलांना नातवंडांना जवळ घेऊन बघा. अरबी यायला नको. एक चित्र काढा, घड्याळ लावा आणि अर्धा तास फक्त हात बघा. मग त्यांना विचारा, दप्तर शब्द कुठला? आणि कुणाला घटिकापात्राचा प्रयोग करायचा असेल तर आमच्याकडे या. वाटी आपापली आणावी.

हस्तलिखितांच्या शेवटी नकलनवीस वाचकांची क्षमा मागतात, असं धाकटी सांगते. आपल्याकडेही ती रीत आहे, तेव्हा मीही म्हणते: चूकभूल द्यावी घ्यावी.